डुकरं संकरित करा म्हणता, पण नर कुठून आणायचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत संकरित वराहपालनावर लेख आला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो इतक्या जणांनी टाकला की शेवटी मी ग्रुप म्यूट केला. आधी आभार मानतो, कारण कोंबडी, बकरी, मासे सगळ्यांवर छापून येतं पण डुकराला मराठी पेपरात अर्धं पान मिळणं म्हणजे नवलच, नाहीतर डुकराची बातमी म्हणजे "अमुक नगरात डुकरांचा हैदोस, नागरिक त्रस्त" एवढीच असते. मी हिंगण्याच्या पुढे आतेभावासोबत छोटा फार्म चालवतो. नाव छापू नका ही विनंती, घरी लहान बहिणीसाठी स्थळं पाहणं चालू आहे आणि पोरगा काय करतो विचारलं की आई अजून "पशुपालन" एवढंच सांगून चहा टाकायला आत जाते.

लेखात जे लिहिलं ते खोटं नाही पण अर्धं आहे. विदेशी जातीचा नर आणा, गावठी मादीला लावा, पिल्लं जास्त, वजन जास्त, नफा जास्त, आणि लेख संपला. म्हणजे पहिला संकर झाला की गाडी आपोआप चालते असं वाचणाऱ्याला वाटतं. खरी अडचण तर त्या पहिल्या वेतातली पिल्लं मोठी झाल्यावर सुरू होते.

आधी फायदा काय ते सांगतो म्हणजे मी संकराच्या विरोधात आहे असं कोणाला वाटायला नको. आपल्याकडची गावठी डुकरीण एका वेताला पाच-सहा पिल्लं देते, त्यातली एक-दोन दूध सुटायच्या आधीच जातात, आणि वर्ष झालं तरी जनावर चाळीस-पन्नास किलोच्या पुढे जायला मागत नाही. लार्ज व्हाइट यॉर्कशायर नाहीतर लँडरेस अशा विदेशी पांढऱ्या जातीची मादी नीट ठेवली तर नऊ-दहा पिल्लं, आणि या जातींचा गावठीशी संकर झालेलं पिल्लू खाणं बरोबर मिळालं तर आठ-दहा महिन्यांत सत्तर-नव्वद किलोला जातं. गाभण काळ ११४ दिवसांचा, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस असं पाठ करून ठेवायचं, म्हणजे वर्षाला दोन वेत निघतात. आणि शंभर किलोच्या डुकरातून सत्तर-पंच्याहत्तर किलो माल हाती येतो, बकऱ्यात निम्मा पण मुश्किलीने निघतो. एवढं सगळं बरोबर आहे, यात वाद नाही.

पण देशात ज्यांनी हे काम नीट केलं त्यांनी काय केलं ते पाहा. रांचीच्या बिरसा कृषी विद्यापीठाने विदेशी टॅमवर्थ आणि तिकडचं गावठी डुक्कर मिळून झारसुक तयार केलं, ते काळं आहे आणि तिकडच्या आदिवासी पाळणाऱ्यांना काळंच डुक्कर हवं असतं. गुवाहाटीजवळ राणी इथं डुकरांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २००२ चं, त्यांनी विदेशी हॅम्पशायर नर आणि उत्तर बंगालची घुंगरू मादी यांच्यापासून राणी नावाचं वाण काढलं, मग त्या राणीवर ड्युरॉक या विदेशी जातीचा नर लावून आशा काढलं. बरेलीच्या आयव्हीआरआयने, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने, लँडरेस आणि तिकडचं गावठी घुर्रा घेऊन लँडली केलं, त्यात पंचाहत्तर टक्के लँडरेस. मेघालयात हॅम्पशायर आणि तिथलं गावठी नियांग मेघा मिळून लुम्सनियांग. तमिळनाडूत काट्टुपाक्कमला लार्ज व्हाइट पंचाहत्तर आणि गावठी पंचवीस असं धरून वाण काढलंय. आता या सगळ्यांत एक गोष्ट बघा, शंभर टक्के विदेशी एकही नाही. कुठे पंचवीस टक्के, कुठे पन्नास टक्के, पण तिथल्या मातीतलं रक्त प्रत्येकात मुद्दाम ठेवलंय, आणि ते पण अनेक पिढ्यांच्या नोंदी ठेवून, कोणतं पिल्लू कोणाचं, किती किलोचं, कधी माजावर आलं, सगळं लिहून. आणि मी ही जी नावं घेतली त्यात विदर्भाच्या उन्हात घडवलेलं एकही नाही.

उन्हाचं मुद्दाम बोलतो कारण लेखात त्यावर एक ओळ नव्हती. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता, पंचेचाळीस तर दरवर्षीचं झालं. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, इतक्या कमी कामाच्या घामग्रंथी असतात त्याला, म्हणून तो चिखल शोधतो, लोकांना वाटतं घाण आवडते. मोठ्या डुकराला वीस-बावीस डिग्रीत बरं वाटतं. पांढऱ्या कातडीचं जनावर उघड्या उन्हात ठेवलं तर कातडी भाजून निघते, काळं-भुरं डुक्कर त्यात जास्त टिकतं. मादी खाणं सोडते, दूध आटतं. आणि नराचं तर फार वाईट, उन्हाचा तडाखा बसला की त्याचं वीर्य खराब होतं आणि नवीन वीर्य तयार व्हायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून मेमध्ये तापलेला नर जूनमध्ये, पाऊस पडून सगळं थंड झाल्यावर सुद्धा, कामाचा नसतो. दिसायला धडधाकट, मादीवर जातो पण, आणि एकवीस दिवसांनी मादी परत माजावर. मग लोक मादीला दोष देतात आणि विकून टाकतात. आम्ही नराच्या खोलीला कूलर लावलाय, शेडवर तुराट्या टाकून दुपारी फवारा सोडतो, शेजारी हसतात की अरे आमच्या घरी नाही कूलर. हसू द्या.

यूट्यूबवर एक जण बेल्जियमच्या पिएट्रेन जातीच्या डुकराची जाहिरात करतो, मांड्या पाहिल्या तर डोळे फिरतात. त्या जातीत ताण सहन न होण्याचा दोष फार आढळतो, गाडीत भरलं, गरम झालं, मारामारी झाली की जनावर जागेवर मरतं नाहीतर मांस फिकट, पाणी सुटलेलं निघतं. असं जनावर मे महिन्यात टेम्पोत घालून अमरावती रोडने न्यायचंय का कोणाला?

आता मुख्य गोष्टीवर येतो. समजा तुम्ही यॉर्कशायर नर आणला आणि गावठी माद्यांना लावला, पहिली पिढी एकदम जोरदार निघाली, चपळ, रोगाला न बळी पडणारी, भराभर वाढणारी. हा जोर दोन वेगळ्या जातींचं रक्त पहिल्यांदा एकत्र आल्यामुळे असतो, इंग्रजीत हायब्रिड व्हिगर म्हणतात. मग पाळणारा काय करतो, त्याच पिल्लांतला सगळ्यात दांडगा नर ठेवतो आणि त्याच पिल्लांतल्या माद्यांना लावतो, शेजाऱ्याला पण एक नर विकतो "संकरित आहे भाऊ, गॅरंटी" म्हणून. पुढच्या पिढीत तो जोर निम्म्यावर येतो, आणि वरून भाऊ-बहीण, बाप-लेक असा जवळचा संबंध झाला की पिल्लं कमी, मेलेली जास्त, एखादं वाकड्या पायाचं, एखाद्याला गुदद्वारच नाही. आपल्या विदर्भात कोणत्याही कास्तकाराला विचारा, हायब्रीड कापसाची घरची सरकी पुढच्या वर्षी पेरतो का, तो म्हणेल येडा झाला का बे. मग डुकरात तेच काहून करून राहिलो आपण?

पोट्टे लोकं करतात कारण दुसरा नरच मिळत नाही. पंचक्रोशीत चार-पाच शेड असले तर नर सगळे एकाच ठिकाणाहून आलेले, बऱ्याचदा एकाच बापाचे. कानाला ओळखीची खाच नाही, वहीत नोंद नाही, विकणारा सांगेल ती जात. पांढरा दिसला की यॉर्कशायर, कान लोंबले की लँडरेस, लाल असला की ड्युरॉक, झालं प्रमाणपत्र.

जरा तांत्रिक होतंय पण हे लिहिलंच पाहिजे. पिल्लांची संख्या, जगण्याचं प्रमाण, आईचं दूध या गोष्टी आईबापाकडून सरळ उतरत नाहीत, निवड करून त्या फार हळू सुधारतात पण संकराने पटकन सुधारतात. चरबीची जाडी आणि लाल मांस किती निघणार हे मात्र आईबापावरून बऱ्यापैकी सरळ उतरतं, त्याला संकराच्या जोराचा फारसा उपयोग नाही, तिथे बापच चांगला लागतो. म्हणून बाहेरच्या मोठ्या फार्मवर आई दोन जातींची संकरित ठेवतात, जास्त पिल्लं देणारी आणि जास्त दूध देणारी, आणि तिच्यावर तिसऱ्याच जातीचा नर, बहुतेक ड्युरॉक, लावतात, आणि त्यातून निघालेली सगळी पिल्लं कापायला पाठवतात, एक पण पैदाशीला ठेवत नाहीत. ज्याला एवढं जमत नाही त्याने निदान दोन जातींचे नर आळीपाळीने लावावे, एका पिढीला लार्ज व्हाइट, पुढच्या पिढीला गावठी नाहीतर हॅम्पशायर, त्यात पण जोर साधारण दोन तृतीयांश टिकून राहतो. पण आळीपाळीने लावायला आधी दोन नर पाहिजेत ना, आणि कोणत्या मादीचा बाप कोण हे माहीत पाहिजे.

आमच्यासारख्या आठ-दहा माद्यांच्या फार्मला दोन-तीन जातींचे शुद्ध नर पाळणं परवडत नाही, नर वर्षभर खातो आणि काम थोडं. म्हणून लोक नर फिरवतात, आज माझ्या शेडमध्ये, उद्या तुझ्या. यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ब्रुसेला, लेप्टो असे रोग नरासोबत फिरतात, आणि २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीवर देशात आहे, आधी आसाम-अरुणाचलात निघाला, २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत पोचला. माणसाला होत नाही, पण डुक्कर शंभरातलं एखादंच वाचतं, आपल्याकडे त्याची लस मिळत नाही, औषध नाही, एका शेडमध्ये निघाला की आजूबाजूची सगळी डुकरं मारावी लागतात. साध्या स्वाइन फीवरची लस आहे, ती तरी सगळ्यांनी टोचा बाबांनो. २०१२ ते २०१९ मध्ये देशातली डुकरं १ कोटी ३ लाखांवरून ९० लाख ६० हजारांवर आली, हे तर आफ्रिकन फीवर यायच्या आधीचं आहे.

यावर उपाय कृत्रिम रेतन हाच आहे आणि तो काही रॉकेट सायन्स नाही. एका नराकडून एका वेळी साधारण दोनशे-अडीचशे मिली वीर्य मिळतं, त्यात डायल्यूटर, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणारं द्रावण, घालून ऐंशी-शंभर मिलीचे दहा-पंधरा डोस होतात, तेच नर सरळ लावला तर एकच मादी. गाईचं वीर्य कसं कांडीत भरून नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये वर्षानुवर्षं ठेवता येतं, तसं डुकराचं जमत नाही, गोठवलं की बरंचसं मरतं. फ्रिजमध्ये चार डिग्रीला ठेवलं तरी मरतं. त्याला १७ डिग्री लागते, ना कमी ना जास्त, आणि डायल्यूटर कसा आहे त्याप्रमाणे तीन ते पाच दिवस टिकतं. म्हणून गुवाहाटीहून, बरेलीहून मागवून आमच्या इथे काही होणार नाही, रस्त्यातच त्याचे दिवस भरतात, आणि मे महिन्यात स्टेशनवर डब्बा दोन तास उन्हात राहिला की खेळ खल्लास. हे केंद्र नागपुरातच पाहिजे, जिथून उमरेड, काटोल, कामठी, वर्धा, भंडारा दोन-तीन तासांत गाठता येतं. मादी माजावर आली की पाठीवर हाताने दाब दिला तरी हलत नाही, कान ताठ करून उभी राहते, तेव्हा फोन केला, त्याच दिवशी डोस आला, आणि दुसरा डोस दुसऱ्या दिवशी, एवढी सोय झाली तर आमच्यासारख्या छोट्या लोकांना नर पाळायचीच गरज नाही. ड्युरॉक पाहिजे तर ड्युरॉक, लँडरेस पाहिजे तर लँडरेस, आणि डोसवर नराचा नंबर लिहिलेला, म्हणजे वहीत नोंद आपोआप.

व्हेटर्नरी कॉलेज आपल्या शहरात १९५८ पासून आहे, माफसूचं, म्हणजे राज्याच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय २००० पासून इथेच आहे. सेमिनरी हिल्सच्या आसपास जेवढे जनावरांचे जाणकार एका किलोमीटरमध्ये सापडतील तेवढे अख्ख्या मध्य भारतात कुठे सापडत नसतील. नराची पैदास, नोंदी आणि सतरा डिग्रीचा डब्बा, एवढं इथे व्हायला काही हरकत नाही असं मला वाटतं.

आणि गावठी मादीची, म्हणजे पिल्लांच्या आईची बाजू विसरू नका. नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळणारी कैकाडी, वडार कुटुंबं आहेत, चार-सहा माद्या, जागा नाही, नाल्याच्या कडेला. मोकाट डुकरांचं समर्थन मी करणार नाही, माणसाची घाण खाणाऱ्या डुकरातून फीतकृमीचा फेरा चालू राहतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की मेंदूपर्यंत गाठी होऊन झटके येतात, हे खरं आहे. पण दर वेळी डुकरं पकडून ट्रकमध्ये भरली की विषय संपत नाही. इथला उन्हाळा पिढ्यान्‌पिढ्या काढलेलं रक्त त्याच माद्यांमध्ये आहे, आणि विदर्भासाठी वाण काढायचं ठरलं तर पन्नास टक्के नाहीतर पंचवीस टक्के तिथूनच घ्यावं लागणार. शहराबाहेर बंदिस्त शेडची जागा, पाणी आणि लसीकरण द्या त्यांना, आणि चांगल्या माद्या निवडून कानाला बिल्ला मारा. पकडून संपवल्यावर कोणत्या मादीवर संकर करणार?

२००६ साली पंतप्रधान पॅकेजमध्ये वर्धा, यवतमाळ वगैरे सहा जिल्ह्यांत जास्त दुधाच्या गाई वाटल्या होत्या, घरी चारा नाही, पाणी नाही आणि दारात ढेप मागणारी गाय, पुढे काय झालं ते तेव्हा पेपरातच आलं होतं. संकरित डुकराचं पण तेच आहे, रक्त चांगलं आणलं आणि खायला हॉटेलचं पातळ खरकटं घातलं तर ते गावठीपेक्षा पण वाईट दिसतं, कारण त्याची भूक मोठी असते. खर्चाचे सत्तर टक्के तर खाण्यातच जातात. खरकटं घालायचं तर उकळून घाला, आफ्रिकन फीवर बऱ्याचदा त्यातूनच शेडमध्ये शिरतो. आपल्याकडे खाण्याची तशी चंगळ आहे, भंडारा-गोंदियाच्या राइस मिलची चुरी आणि कोंडा, सोयाबीनची डीओसी म्हणजे तेल काढलेली पेंड, मक्याचा भरडा, थोडं मिनरल मिक्स्चर. कच्चं सोयाबीन मात्र सरळ घालू नका, पचत नाही, वाढ खुंटते, भाजून किंवा शिजवून घाला. पिल्लाला तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन आणि हिवाळ्यात बल्ब, कारण नवीन पिल्लाला बत्तीस-चौतीस डिग्री लागते आणि आपल्या इथे डिसेंबरच्या रात्री दहाच्या खाली जातं. हे न करता नुसत्या जातीवर पैसे टाकू नये.

योजनांचं लेखात छान दिलं होतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून ५० टक्के सबसिडी, शंभर माद्या आणि दहा नर असेल तर ३० लाखांपर्यंत, पन्नास माद्या आणि पाच नर असेल तर १५ लाखांपर्यंत. ज्याच्याकडे चार माद्या आहेत त्याने काय करायचं हा एक प्रश्न आहेच, एका बँकेत आम्ही फाइल घेऊन गेलो तर साहेब आधी हसले आणि मग म्हणाले बकरीचं प्रपोजल आणा. पण ते सोडा, योजनेतच दहा माद्यांमागे एक नर धरलाय, तर तो नर नोंदणीचा, एकमेकांच्या नात्यात नसलेला, कुठून घ्यायचा हे पण त्या कागदावर असायला पाहिजे. नसेल तर सरकारी पैशातून आपण भाऊ-बहिणींचे कळप उभे करणार.

शेवटचं तुमच्याकडेच मागणं आहे संपादक साहेब. तुमच्या बाजारभावाच्या पानावर कळमन्याची तूर, चना, सोयाबीन, संत्री रोज असतात. डुकराचा जिवंत वजनाचा भाव कधीच नसतो. आमच्याकडे व्यापारी येतो, शेडमध्ये एक चक्कर मारतो, नजरेने पाहून नगावर भाव सांगतो आणि वजनकाटा काढला की त्याला राग येतो. चरबीवालं डुक्कर आणि लाल मांसाचं डुक्कर एकाच भावात जातं, मग ड्युरॉकच्या डोसला जास्तीचे पैसे कोण देणार आणि काहून देणार? आठवड्यातून एकदा, किलोमागे काय चाललंय, एवढी एक ओळ सोयाबीनच्या खाली छापा. आकडे गोळा करायला माणूस पाहिजे असेल तर आम्ही चार-पाच फार्मवाले मिळून दर शनिवारी पाठवून देऊ, काट्याच्या पावतीसकट.

आपला,
एक वराहपालक, हिंगणा रोड, नागपूर